बॅटरीवर प्लस लिहिलंय, पण मीटर मायनस दाखवतोय! उलटी चार्ज झालेली बॅटरी कशी ओळखायची, आणि गिऱ्हाइकाला काय सांगायचं



इन्व्हर्टर-बॅटरी सर्व्हिसचं छोटं दुकान टाकायचं म्हणणारे तुमच्यातले बरेच जण आहेत. जागा, भांडवल, पहिलं गिऱ्हाईक यावर आपण व्हिडिओत बोलतच असतो. आज जरा तांत्रिक विषय घेतोय. पण नुसता तांत्रिक समजून सोडून देऊ नका, कारण यात तुमचा गल्ला आणि तुमचं नाव दोन्ही गुंतलंय.

विषय आहे उलटी चार्ज झालेली लेड-ॲसिड बॅटरी. म्हणजे ज्या टर्मिनलवर प्लसची खूण आहे तिथे प्रत्यक्षात मायनस, आणि मायनसच्या जागी प्लस. असली केस रोज येत नाही. पण आली आणि तुम्ही ओळखली नाही, तर तुम्ही लाल वायर लाल खुणेला लावणार, सगळं बरोबर केल्यासारखं वाटणार, आणि इन्व्हर्टरचा बोर्ड जळणार. गिऱ्हाईक काय म्हणणार? "काल तुमच्या माणसाने हात लावला, आज इन्व्हर्टर गेला." त्यावर तुमच्याकडे उत्तर नसेल, तर बोर्डाचा खर्च तुमच्या खिशातून.

म्हणून आजचा एकच मंत्र: मीटर आधी, पाना नंतर. बॅटरीवरची खूण म्हणजे कुणीतरी छापलेला रंग आहे. खरं काय ते आतल्या प्लेटांना माहीत, आणि ते आपल्याला मीटरच सांगतो.

बॅटरी उलटी होते म्हणजे आत नेमकं काय होतं?

सोपं करून सांगतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा खण असतात, त्यांना सेल म्हणतात. एक सेल साधारण २ व्होल्टचा. प्रत्येक सेलमध्ये दोन प्रकारच्या प्लेटा. पॉझिटिव्ह प्लेटेवर लेड डायऑक्साइड असतं, रंग चॉकलेटी. निगेटिव्ह प्लेटेवर स्पंजासारखं सच्छिद्र शिसं, रंग राखाडी. मध्ये पातळ केलेलं सल्फ्युरिक ॲसिड.

बॅटरी वापरली की दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट तयार होतं. बॅटरी पूर्ण रिकामी होईपर्यंत दोन्ही प्लेटांवर बहुतांशी तोच पदार्थ जमा झालेला असतो. गोम इथेच आहे. पूर्ण रिकाम्या बॅटरीला आपण प्लस आहोत की मायनस, याची फारशी ओळखच उरत नाही. त्या वेळी जो करंट ज्या दिशेने द्याल, त्या दिशेने ती चार्ज व्हायला लागते. उलट्या दिशेने दिला तर राखाडी प्लेट हळूहळू चॉकलेटी व्हायला लागते आणि चॉकलेटी प्लेट राखाडी.

ही काही नवी गोष्ट नाही. फ्रान्सच्या गॅस्टन प्लांते यांनी १८५९ मध्ये लेड-ॲसिड बॅटरी बनवली, तेव्हा ते करंटची दिशा मुद्दाम आलटून पालटून देत होते. शिशाचे साधे पत्रे होते, दोन्ही सारखेच. उलटसुलट चार्ज करून त्या पत्र्यांची क्षमता वाढायची. मग आपली आजची बॅटरी उलटी झाली तर एवढा गवगवा कशाला? कारण आजच्या प्लेटा सारख्या नसतात. ते पुढे सांगतो, कारण तिथेच एक धोकादायक जुगाड लपलेला आहे.

हे घडतं कसं? चार कारणं

१. रिकाम्या बॅटरीला चार्जरचे चिमटे उलटे लावले. बॅटरीत जीव असेल तर उलटा चिमटा लागताच मोठी ठिणगी उडते, फ्यूज जातो, आपल्याला लगेच कळतं. पण बॅटरी शून्यावर असेल तर ठिणगी नाही, आवाज नाही. जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर निमूटपणे रात्रभर उलटा चार्ज करत राहतो. सकाळी बॅटरी "भरलेली" असते, फक्त उलटी.

२. नवी बॅटरी पहिल्यांदा ॲसिड भरून उलटी चार्ज केली. ड्राय बॅटरी ॲसिड भरून दुकानातच चार्ज करतात, तिथे घाईगर्दीत हे होऊ शकतं. अशी बॅटरी गिऱ्हाइकाकडे पोचली की पहिल्याच दिवशी तमाशा.

३. सोलर पॅनल किंवा चार्जिंगची वायर उलटी जोडली. शेतावर किंवा बंद घरात बॅटरी महिनोन्महिने रिकामी पडून राहते. मग कुणीतरी वायरचा रंग न बघता जोडतो. मध्ये संरक्षण देणारा कंट्रोलर नसेल तर हळूहळू उलटं चार्जिंग सुरू.

४. सिरीजमधला कमजोर गडी. हे सगळ्यात जास्त घडतं आणि यात माणसाची चूक दिसतही नाही. जरा नीट समजून घ्या.

इ-रिक्षात १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या असतात, मिळून ४८ व्होल्ट. समजा कंट्रोलर ४२ व्होल्टला गाडी बंद करतो. आता तीन बॅटऱ्या चांगल्या आहेत, प्रत्येकी १२.२ व्होल्ट. त्यांची बेरीज ३६.६. म्हणजे चौथी बॅटरी ५.४ व्होल्टवर येईपर्यंत कंट्रोलरला काही गडबड वाटतच नाही! त्याला फक्त बेरीज दिसते. खरं तर १२ व्होल्टची बॅटरी १०.५ च्या खाली न्यायचीच नसते. ५.४ म्हणजे तिचा एखाददुसरा सेल कधीच शून्य ओलांडून उलटा झालेला असतो.

जोडीतला एक बैल बसला आणि गाडी तरी चालूच ठेवली, तर दुसरा त्याला फरफटत नेतो. तसंच हे. बाकीच्या बॅटऱ्यांचा करंट कमजोर सेलमधून जबरदस्तीने जातो आणि त्याला उलटा चार्ज करतो. घरच्या २४ व्होल्टच्या इन्व्हर्टरमध्ये दोन बॅटऱ्या असतात, तिथेही हाच प्रकार. आणि एकाच बॅटरीच्या सहा सेलांमध्येही हाच.

तपासणी: आधी आपला मीटर तपासा

गिऱ्हाईक समोर उभं आहे, मीटरवर मायनस दिसतोय. लगेच "बॅटरी उलटी झालीय" असं जाहीर करू नका. मायनस दिसायला दुसरीही कारणं असतात.

पायरी १. सगळं सोडवा. इन्व्हर्टर बंद, चार्जर बंद, दोन्ही वायरी काढा. बॅटरी फुगलीय का, चीर पडलीय का, हाताला गरम लागतेय का, ते बघा. फुगलेली किंवा तडकलेली असेल तर पुढचं काहीच करायचं नाही, ती थेट भंगारात.

पायरी २. मीटरच्या वायरी बघा. काळी वायर कॉमनच्या भोकात आणि लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना? डीसी व्होल्ट, २० ची रेंज. मग दुकानातली एखादी चांगली बॅटरी मोजा. तिथे साधा आकडा, मायनसशिवाय दिसला पाहिजे. या कामाला अर्धा मिनिट लागतो, आणि "मीटरच चुकीचा होता" ही नामुष्की टळते.

पायरी ३. खूण कुणी केली ते बघा. कारच्या गोल टर्मिनलमध्ये प्लसचं टर्मिनल थोडं जाड आणि मायनसचं बारीक असतं. झाकणावर ठशात प्लस-मायनस उठवलेलं असतं. वरचा लाल रंग मात्र कुणीही लावू शकतो. ठसा आणि रंग जुळत नसेल तर बॅटरी कदाचित ठीक आहे, रंग चुकलाय.

पायरी ४. लेआउटचा घोळ नाही ना? कारच्या बॅटऱ्या डाव्या आणि उजव्या अशा दोन मांडणीत येतात. चुकीच्या मांडणीची बॅटरी आणली की वायर पोचत नाही, आणि गिऱ्हाईक म्हणतं "बॅटरी उलटी दिली." ती बॅटरी उलटी चार्ज झालेली नसते, फक्त त्या गाडीची नसते. हा फरक गिऱ्हाइकाला शांतपणे समजावून सांगा.

पायरी ५. आता आकडा वाचा. मीटरची लाल वायर ठशातल्या प्लसला, काळी मायनसला.

- १२.६ च्या आसपास: दिशा बरोबर, चार्जही चांगला.
- १०.५ च्या आसपास, चार्ज करूनही तेवढाच: एक सेल शॉर्ट किंवा मेलेला. पाच सेल गुणिले २.१ म्हणजे १०.५, हिशोब जुळतो.
- ८.५ च्या आसपास: एक सेल उलटा असण्याची दाट शक्यता. पाच सेलांचे १०.५, त्यातून उलट्या सेलचे २ वजा.
- शून्याच्या जवळ, प्लस किंवा मायनस: पूर्ण रिकामी. हिला कुठलीच दिशा नाही. हीच सगळ्यात जपून हाताळायची, कारण इथूनच ती उलटी होऊ शकते.
- उणे २ ते उणे १२.६: पूर्ण बॅटरी उलटी चार्ज झालीय, थोडी किंवा भरपूर.

पायरी ६. हायड्रोमीटरवर एकट्यावर भरवसा नको. पाण्याच्या बॅटरीत आपण झाकणं उघडून ग्रॅव्हिटी बघतो. पण लक्षात ठेवा, ग्रॅव्हिटीला दिशा कळत नाही. बॅटरी सरळ चार्ज करा की उलटी, प्लेटांमधलं ॲसिड पाण्यात परत येतंच आणि ग्रॅव्हिटी वाढतेच. म्हणजे ग्रॅव्हिटी झकास आणि बॅटरी उलटी, असं होऊ शकतं. ग्रॅव्हिटीचा खरा उपयोग सहा सेलांची आपसात तुलना करायला. पाच सेल सारखे आणि एक बराच खाली असेल, तर तोच आजारी सेल.

तो जुगाड, जो करायचा नाही

आता त्या धोकादायक जुगाडाबद्दल. बाजारात तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल: "अरे, उलटी झाली ना? मग रंग बदल. लाल तिकडे लाव, काळा इकडे. चालतेय की!" आणि खरंच, दोन-चार दिवस चालते. म्हणूनच हा मोह वाईट.

का करायचं नाही, तीन कारणं सांगतो.

एक, आतल्या प्लेटा वेगवेगळ्या कामासाठी बनवलेल्या आहेत. पॉझिटिव्ह प्लेटेची जाळी गंज सोसायचा असतो म्हणून दणकट करतात. निगेटिव्हची जाळी तुलनेने हलकी असते. उलटं वापरलं की हलक्या जाळीवर पॉझिटिव्हचं काम येतं आणि ती लवकर खाऊन जाते. ट्युब्युलर बॅटरीत तर फरक आणखी मोठा. पॉझिटिव्ह प्लेट नळ्यांची, निगेटिव्ह सपाट.

दोन, निगेटिव्ह प्लेटेत शिसं स्पंजासारखं मोकळं राहावं म्हणून लाकडापासून मिळणारं लिग्निनसारखं द्रव्य, बेरियम सल्फेट आणि कार्बन मिसळलेलं असतं. ती प्लेट पॉझिटिव्ह म्हणून चार्ज झाली की लिग्निन जळून निकामी होतं. पुढे ती बॅटरी सरळ केली तरी ते द्रव्य परत येत नाही. म्हणूनच उलटी होऊन सरळ केलेली बॅटरी पूर्वीइतकी कधीच होत नाही.

तीन, आणि धंद्याच्या दृष्टीने हे सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही रंग बदलला हे तुम्हाला माहीत. सहा महिन्यांनी दुसरा मेकॅनिक येईल, रंग उडालेला असेल, तो ठसा बघून वायर लावेल. इन्व्हर्टरमधले मॉसफेट, कॅपॅसिटर किंवा गाडीच्या अल्टरनेटरचे डायोड जळतील. कॅपॅसिटर फुटून त्या माणसाला इजाही होऊ शकते. आपण वाचवलेल्या पैशांसाठी दुसऱ्या कुणाचा हात भाजावा, हा धंदा नव्हे.

सरळ करता येते का? कुठली बॅटरी, कुठली नाही

आधी नाही म्हणायच्या केसेस:

- बंद प्रकारची, म्हणजे एसएमएफ किंवा यूपीएसमधली छोटी बॅटरी. तिच्यात पाणी घालता येत नाही आणि आतला गॅस कुठे जाईल ते आपल्या हातात नाही. बदला.
- फुगलेली, तडकलेली, गळणारी. बदला.
- चार-पाच वर्षं वापरलेली. तिच्यावर मेहनत घेण्यात अर्थ नाही.
- उलट्या अवस्थेत महिनोन्महिने पडलेली. सल्फेट घट्ट झालेलं असतं.

बॅटरी वॉरंटीत असेल तर आपण हात लावायच्या आधी गिऱ्हाइकाला वॉरंटी कार्ड वाचायला सांगा. चुकीच्या चार्जिंगने झालेलं नुकसान बहुतेक कार्डांमध्ये वगळलेलं असतं. पण नवी बॅटरी पहिल्या दिवसापासूनच उलटी निघाली असेल, तर तो विक्रेत्याचा विषय आहे. अशा वेळी मीटरचा फोटो काढून द्या आणि बॅटरी न उघडता परत पाठवा.

उरली ती एक-दोन वर्षांची, पाण्याची, बाहेरून धडधाकट बॅटरी. तिच्यावर प्रयत्न करता येतो.

सुरक्षितता आधी. मोकळी हवा हवीच. चार्जिंग करताना हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की एका ठिणगीत स्फोट होऊ शकतो. विडी-सिगारेट, ग्राइंडर, देवाची उदबत्ती, काहीही जवळ नको. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, अंगठी आणि कडं काढून ठेवा. बादलीभर स्वच्छ पाणी आणि खाण्याचा सोडा हाताशी ठेवा. ॲसिड डोळ्यात गेलं तर किमान १५ मिनिटं पाण्याने धुवायचं आणि लगेच डॉक्टर गाठायचा. चिमटे लावताना आणि काढताना चार्जर आधी बंद करायचा.

टप्पा १: उलटा चार्ज काढून टाका. १२ व्होल्टचा गाडीचा बल्ब टर्मिनलना लावा. बल्बला दिशेशी देणंघेणं नसतं, तो पेटतो. छोट्या बॅटरीला २१ वॅटचा, १५० अँपिअर-अवरच्या मोठ्या बॅटरीला ५५ किंवा ६० वॅटचा. बल्ब विझला म्हणून लगेच काढू नका, रात्रभर लावून ठेवा. सकाळी मीटर शून्याच्या अगदी जवळ आला पाहिजे. थेट तार लावून शॉर्ट करण्याचा शहाणपणा कुणी करू नये.

टप्पा २: पाणी बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घाला. पूर्ण लेव्हल चार्जिंगनंतर. ॲसिड घालायचं नाही. ॲसिड प्लेटांमध्ये अडकलेलं आहे, ते चार्ज होताना परत येणार आहे.

टप्पा ३: सरळ दिशेने, अगदी हळू चार्ज. लाल चिमटा ठशातल्या प्लसला. दुसऱ्या माणसाला दाखवून मगच चार्जर सुरू करा. १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीला सुरुवात साधारण ५ अँपिअरने. नेहमीचे १५ अँपिअर इथे नकोत. आजचे ऑटोमॅटिक चार्जर शून्यावरची बॅटरी ओळखत नाहीत आणि सुरूच होत नाहीत, त्यासाठी करंट कमीजास्त करता येणारा हाताने चालवायचा चार्जर लागतो. तासाभराने मीटर लावा. आकडा प्लसमध्ये चढायला लागला पाहिजे. काही तासांत १२ च्या वर गेला आणि बॅटरी थंड असेल तर ७-८ अँपिअरपर्यंत न्या. तापमान ५० अंशांच्या वर जाता कामा नये, तसं वाटलं तर बंद करून थंड होऊ द्या.

हे काम दीड-दोन दिवसांचं आहे. ओळीने तीन तास ग्रॅव्हिटी आणि व्होल्टेज बदललं नाही, की चार्जिंग पूर्ण समजायचं.

चार्जिंग चालू असताना काय दिसतं त्यावरून निदान:

- व्होल्टेज झटकन १५ च्या वर, करंट जवळजवळ शून्य: सल्फेट घट्ट झालंय. आशा कमी.
- करंट घेतेय, पण व्होल्टेज साडेदहा-अकराच्या पुढे जात नाही: एक सेल शॉर्ट. थांबा.
- शेवटी पाच सेलांत बुडबुडे, एकात नाही: तो सेल गेलेला.
- एकाच सेलची बाजू गरम: तोच दोषी.

टप्पा ४: परीक्षा. चार्जर काढून १२ तास विश्रांती द्या, मग व्होल्टेज घ्या. १२.५ च्या वर टिकलं तर पुढे. आता क्षमता. इन्व्हर्टरच्या बॅटरीवरचे १५० अँपिअर-अवर सहसा २० तासांच्या हिशोबाने लिहिलेले असतात, म्हणजे ७.५ अँपिअर २० तास, १०.५ व्होल्ट येईपर्यंत. दुचाकीचा ३५ वॅटचा बल्ब आणि कारचा ५५ वॅटचा बल्ब एकत्र लावला की ९० वॅट, म्हणजे साधारण ७.५ अँपिअर. सकाळी ९ ला लावा. संध्याकाळी ७ च्या आत १०.५ वर आली, तर निम्मी क्षमतासुद्धा नाही. त्याच्या पुढे टिकली तर रात्री बल्ब काढून ठेवा आणि सकाळी उरलेले तास मोजा. देखरेखीशिवाय रात्रभर लावू नका, नाहीतर १०.५ च्या खाली जाऊन कमजोर सेल पुन्हा उलटा व्हायचा आणि आपण परत पहिल्या पानावर!

दोन-तीन वेळा चार्ज-डिस्चार्ज केल्यावर क्षमता थोडी सुधारू शकते. शेवटचा आकडा कागदावर लिहून ठेवा. माझ्या दुकानातला नियम: निम्म्याच्या खाली असेल ती बॅटरी "चालू" म्हणून परत द्यायची नाही.

बँकेतली एकच बॅटरी गेली असेल तर? सगळ्या सुट्या करा, एकेक स्वतंत्र चार्ज करा, एकेक मोजा. जुन्या तिघींमध्ये एक कोरी करकरीत बॅटरी घुसवली की काही महिन्यांत जुन्यांमधली सगळ्यात कमजोर पुढची बळी ठरते. शक्यतो त्याच वयाची, त्याच क्षमतेची जोड द्या, किंवा पूर्ण सेट बदलायचा सल्ला द्या. आणि महिन्यातून एकदा प्रत्येक बॅटरी वेगळी मोजायची सवय इ-रिक्षावाल्या दादांना लावा. हीच तुमची महिन्याची ठरलेली सर्व्हिस होऊ शकते.

आता धंद्याचा हिशोब

इतकी मेहनत घ्यायची, तर पैसे कशाचे घ्यायचे? मी तीन वेगळी कामं धरतो: तपासणी, सरळ करण्याचा प्रयत्न, आणि नवी बॅटरी. तिन्हीचे दर आधी सांगायचे. तपासणी फुकट करू नका. निदान हेच तुमचं कौशल्य आहे.

आकडे फक्त समजण्यासाठी घेऊ, तुमच्या गावातले दर तुम्ही घाला. समजा नवी बॅटरी १४,००० ची, जुनीचे ३,००० वजा, गिऱ्हाइकाला निव्वळ ११,०००. ती ४८ महिने चालेल असं धरलं तर महिन्याला साधारण २२९ रुपये. आता सरळ करण्याचे तुम्ही ८०० घेतले. ८०० भागिले २२९, म्हणजे साडेतीन महिने. बॅटरी साडेतीन महिन्यांपेक्षा जास्त चालली तर गिऱ्हाइकाचा फायदा, आधीच बसली तर तोटा. हा हिशोब गिऱ्हाइकासमोर कागदावर मांडा आणि निर्णय त्याला घेऊ द्या.

तुमचा खर्च बघा. १५० अँपिअर-अवरची बॅटरी एकदा पूर्ण चार्ज करायला चार्जरमधली गळती धरून तीन-सव्वातीन युनिट वीज जाते. दोन वेळा म्हणजे सहा-साडेसहा युनिट. वीज महाग पडत नाही. महाग पडते ती चार-पाच दिवस अडकलेली टेबलाची जागा, चार्जर आणि तुमचं लक्ष. म्हणून सीझनला, उन्हाळ्यात लोडशेडिंगच्या दिवसांत, मी असली कामं कमी घेतो.

गिऱ्हाइकाशी बोलायचं कसं? असं:

"काका, बॅटरी उलटी चार्ज झालीय. हे बघा, मीटर मायनस दाखवतोय. सरळ करायचा प्रयत्न करू शकतो, चार-पाच दिवस लागतील, आठशे रुपये. पण गॅरंटी देत नाही, आणि झाली तरी पहिल्यासारखी होणार नाही. किती टिकेल ते टेस्ट करून लिहून देतो. नाही जमली तर तपासणीचे तेवढे घेईन आणि जुनीचे पैसे नवीत वळते करीन."

यात घाबरवणं नाही, खोटी आशाही नाही. असं बोललेलं काका विसरत नाहीत.

जॉब कार्डवर या पाच ओळी लिहाच: आल्यावर टर्मिनलचं व्होल्टेज, प्लस की मायनस या चिन्हासकट, बाहेरून दिसणारी अवस्था, इन्व्हर्टर किंवा गाडी आधीपासून चालू होती की बंद, काय काम करायचं ठरलं आणि किती रुपयांत, गॅरंटी आहे की नाही. खाली गिऱ्हाइकाची सही. सोबत मीटर आणि टर्मिनल एकत्र दिसतील असा एक फोटो. उद्या वाद झाला तर हा कागदच तुमच्या बाजूने बोलेल.

सरळ केलेल्या बॅटरीवर कायमच्या शाईने तारीख आणि "सरळ केलेली, क्षमता इतकी" असं लिहा. ती सेकंडहँड विकायची असेल तर हे सांगूनच विका.

आणि जी बॅटरी मेली ती मेली. बॅटरी वेस्ट मॅनेजमेंट रूल्स, २०२२ नुसार वापरलेली बॅटरी नोंदणीकृत रिसायकलरकडे किंवा कंपनीच्या परत घेण्याच्या साखळीतच गेली पाहिजे. ॲसिड गटारात ओतून, बॅटरी फोडून शिसं विकणाऱ्याला चार पैसे जास्त मिळतात म्हणून देऊ नका. ते शिसं त्याच वस्तीतल्या पोरांच्या अंगात जातं.

दुकानात आजच करायच्या चार गोष्टी

१. चार्जिंगच्या टेबलावर मीटर टांगून ठेवा. कपाटात ठेवलेला मीटर वापरला जात नाही.

२. चार्जरचे चिमटे आणि वायरी स्पष्ट लाल-काळ्या ठेवा. रंग उडाला की बदला. "चालतंय अजून" म्हणू नका.

३. शून्यावरची बॅटरी चार्जिंगला लावताना दोघांनी बघायचं, एकाने लावायचं. पोऱ्या नवा असेल तर हा नियम दुप्पट कडक.

४. गिऱ्हाइकाकडे बॅटरी जोडायच्या आधी, मग ती कोरी नवी का असेना, टर्मिनलवर मीटर लावायचा आणि चिन्ह बघायचं. मोजून दहा सेकंद.

या दहा सेकंदांसाठी कुठला कोर्स लागत नाही, भांडवल लागत नाही. तीन-चारशे रुपयांचा साधा मीटरही पुरतो. पण हे दहा सेकंद रोज देणारा दुकानदार आणि न देणारा दुकानदार, यांच्यातला फरक गावाला वर्षभरात कळतो.

मीटर लावून आकडे कसे वाचायचे ते व्हिडिओत दाखवलंय, तो बघा आणि आपल्या दुकानातल्या एखाद्या जुन्या बॅटरीवर हात बसवा. भेटू पुढच्या विषयासह. तोवर लक्षात ठेवा: मीटर आधी, पाना नंतर!